चेहऱ्यावरचे चौकोन

मंदाताईंची आणि माझी ओळख एका नेत्याच्या कपाळामुळे झाली.

नागापूर एमआयडीसीच्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, उद्घाटन आणि दहावं, या चार गोष्टींवर आमच्या घरची चूल पेटते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा महिनाभर नुसत्या पाट्याच केल्या, तरी तोंडात अजून नगरच येतं. तर त्या दिवशी एका स्थानिक नेत्याचा वीस फुटी वाढदिवस माझ्या स्क्रीनवर होता. शेजारी त्याचे तीन कार्यकर्ते खुर्च्या टाकून बसलेले. आणि एकाएकी साहेबांच्या कपाळावर हिरवे चौकोन उमटले. आधी चार, मग चाळीस. मग नाक जांभळं पडलं आणि मिशीतून आडव्या रेघा धावायला लागल्या.

"हे कोणी केलं?" एक कार्यकर्ता उठून उभाच राहिला. दुसऱ्यानं तर विरोधकाचं नावही घेऊन टाकलं. मला दरदरून घाम फुटला. शेजारचा लेथवाला आवाज ऐकून आला, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "मागच्या गल्लीत मंदाताईकडं ने. ग्राफिक्स कार्डाची डॉक्टर आहे ती."

स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड ज्यात असतं, तो कॉम्प्युटरचा डब्बा उचलून गेलो. पत्र्याची खोली. पत्रा गळतो म्हणून वर जुना फ्लेक्स अंथरलेला, तोही माझ्याच दुकानातला. कडेनं लोंबणाऱ्या भागातून 'हार्दिक शुभेच्छा' आणि कुणाचा तरी अर्धा गाल खाली डोकावत होता. खाली टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई डोक्याला घट्ट फडकं बांधून मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून बसलेल्या. टेबलाच्या कडेला मोटरसायकलचा आरसा पक्का बसवलेला होता. तोंड दाराकडे. म्हटलं, बाईंना नटायची हौस दिसते. किती मूर्ख विचार होता तो, हे पुढे कळलं.

"चपला भाईर," त्या मान वर न करता म्हणाल्या. आरशातून मात्र मला बघत होत्या. "काय होतंय?"

मी सगळं सांगितलं. कपाळ, नाक, मिशी.

"छापून बघितलं?"

"अहो, असं कसं छापू? नेता आहे तो!"

"नेता आसंल न्हाईतर गाढव आसंल. पानभर छापून बघायचं. कागदावर गोरा निघाला तर फाईल बरी हाय, रोग कार्डाला हाय. तुमी माणसं ना, पोट दुखलं की आधी डोकं कापायला निघता."

त्यांचा एक क्रम होता. तो मी पुढे इतक्यांदा ऐकला की झोपेतही म्हणून दाखवीन. आधी वायर, मग धूळ, मग ताप, मग वीज आणि सगळ्यात शेवटी चिप. स्क्रीन नुसती लुकलुकली तर वायर हलवून बघायची. काम वाढलं की चौकोन येतात आणि काम थांबवून विसावा दिला की जातात, तर ताप. चिपची उष्णता ओढून घेणारी आतली पेस्ट वाळलेली असते नाहीतर पंख्यात एमआयडीसीची लोखंडी धूळ बसलेली असते. जड काम उघडलं की अख्खी स्क्रीनच काळी पडते, तर वीज पुरत नाही. काल कार्डाचं नवीन ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकलं आणि आज चट्टे आले, तर काल काय केलंत ते आठवा. आणि सगळं करूनही त्याच त्या रंगाचे चौकोन त्याच त्या जागी आले, तर मग कार्डाची मेमरी गेली. "आन लोक उलटी सुरवात करत्यात," त्या म्हणायच्या. "आल्या आल्या म्हनत्यात, चिप गेली का हो? आरं, धूळ तर झाड!"

साहेबांना धूळच झाली होती. टूथब्रशनं पंखा घासून, नवी पेस्ट लावून त्यांनी कार्ड परत दिलं. मी म्हटलं, "झालं ना नीट?"

"चालतंय," त्या म्हणाल्या. "नीट झालं आसं मी म्हनत न्हाई."

हे वाक्य म्हणजे मंदाताई. कुठल्याही कार्डाला त्यांनी कधी 'नीट' म्हटलं नाही. लोकांना राग यायचा. एकजण मोबाईलवर व्हिडिओ बघून कार्ड बेकरीच्या भट्टीत भाजून घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, भाजल्यावर पंधरा दिवस फर्स्टक्लास चाललं, परत गरम हवा मारून द्या." असं चालतं खरं. तापवलं की आतले सुटलेले टाके तेवढ्यापुरते धरतात. पण मंदाताईंनी त्याला उभाच धुतला. "मेल्यालं पंधरा दिवस बसतं करून देऊ? गिऱ्हाइकाला खोटं दावायचं व्हय? जा, बेकरीतच जा." तो बिचारा खारी-बिस्किटासारखं झालेलं कार्ड काखेत मारून गेला.

त्या मूळच्या खर्ड्याच्या, जामखेड तालुक्यातल्या. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे बालपण अर्धं खर्ड्यात आणि अर्धं कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. लग्न झालं आणि मोडलंही, त्यावर त्यांचं एकच वाक्य, "त्यो विषय बंद हाय." मग नगरला येऊन सर्किट बोर्ड जोडणाऱ्या कंपनीत चौदा वर्षं नुसतं सोल्डरिंग केलं. कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला मायक्रोस्कोप त्यांनी रिक्षात घालून घरी आणला. कार्ड दुरुस्ती कुणी शिकवली नाही. एकेक मेलेलं कार्ड उघडून, हुंगून, घासून शिकल्या. हो, हुंगून. जळकट वास आला की कुठली बाजू ते त्या वासावरून सांगायच्या. प्रत्येक कार्डाला चिठ्ठी: ताप, धूळ, मेमरी. दवाखान्यात केसपेपर असतात तशा. चहा बशीतून, डाव्या हातानं, कारण उजव्या हाताला गरम कपाचा चटका चालायचा नाही.

त्या आरशाचं मात्र मी वर्षभर विचारलं नाही. एकदा दुपारी चहा पिता पिता सहज म्हटलं, "ताई, आरसा कशाला हो लावलाय?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"माझा भाऊ हुता. दत्तू. धाकटा," त्या म्हणाल्या. "टोळीबरूबर श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेल्ता. एक दिस नगरला आला, हितं दारात हुबा राह्यला. म्हनला, अक्का, जरा बोलायचंय. मी चिप उचलत हुते. गरम हवा चालू, सोल्डर पातळ झाल्यालं. त्या टायमाला नजर काढली की चिप सरकती, बोर्ड वाया जातो. म्हनलं, थांब रं दोन मिन्टं. त्यो थांबला. मला चप्पल वाजल्याली ऐकू येत हुती. मंग म्हनला, बरं, येतो मंग. म्हनलं, आरं थांब की! पन मान वर न्हाई केली. चिप बसली, वर बघितलं, तर दार मोकळं."

"मग?"

"मंग काय? कोपीवर गेलाच न्हाई. गावाला न्हाई, कुठंच न्हाई. पोलिसात दिलं. कुनी म्हनलं कर्नाटकात बघितला, तिथं जाऊन आले. आठ वर्सं झाली." मग म्हणाल्या, "आवाज हाय माझ्याकडं त्याचा. चप्पल हाय. त्या दिसाचं त्वांड न्हाई."

मी आपला बशी विसळून ठेवली आणि दुकानात आलो. त्यानंतर त्या खोलीत गेलो की माझी मलाच भीती वाटायची, कारण दारात सावली पडली की मंदाताई आधी आरशात बघायच्या आणि मला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उतरायचा. मी दत्तू नव्हतो, हा जणू माझा गुन्हा. राग यायचा, खरं सांगतो, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटायची.

गेल्या वर्षी त्यांच्या आईनं खर्ड्याहून निरोप धाडला. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात जीव राहिलेला नाही. तिचं म्हणणं एकच: माझे डोळे मिटायच्या आत दत्तूचं करा. जो परतलाच नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून दहन करायचं आणि दहावं घालायचं, अशी रीत आहे. भावकी तयार झाली. दिवस ठरला. आणि आमच्याकडे आता फ्लेक्सशिवाय दहावं होत नाही. गावाच्या तोंडाशी माणसाचा हसरा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुलांची यादी. ते लागलं की माणूस गेला, हे गावाला पटतं.

मंदाताई फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलमधला. ट्रकपुढे वीस-बावीस माणसं उभी, शेवटून तिसरा दत्तू. चेहरा हरभऱ्याएवढा, अर्धा पागोट्याच्या सावलीत. "एवढाच हाय," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा फोटो मोठा करून साफ करणारं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. धुरकट फोटो टाकायचा, कार्ड पाच-सात मिनिटं घुरघुरतं आणि समोर लख्ख चेहरा. म्हटलं, ताई, काळजीच करू नका. फोटो टाकला. कार्ड घुरघुरलं. दत्तूचा चेहरा हळूहळू वर यायला लागला, आणि बरोबर डोळ्यांवर गुलाबी चौकोन पडले. परत केलं. परत तेच, डोळ्यांवरच. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा बारशाचा फ्लेक्स उघडला, बाळ छान दिसत होतं. दत्तू उघडला की चौकोन.

माझ्या अंगावर काटा आला. "ताई," मी म्हटलं, "दत्तू नको म्हणतोय का हो?"

"यड्यावानी बोलू नका!" त्या कडाडल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मशीनला कारन असतं. कार्डाची मेमरी म्हंजी गोदाम. तुमच्या बाकीच्या फायली बारक्या, पुढच्या अर्ध्या गोदामातच मावत्यात. ही मोठी हाय, मागच्या कोपऱ्यापतूर जाती. त्या कोपऱ्याची चिप आजारी हाय. दत्तूचा काय संबंध?" बोलता बोलताच त्यांनी डब्बा उघडला आणि कार्ड काढून पदराखाली धरून घेऊन गेल्या.

मंदाताईंकडे कार्ड दोन दिवसांच्या वर कधी राहिलं नव्हतं. हे राहिलं. चार दिवस झाले, सहा झाले, फोन केला की, "चिप यायची हाय." खर्ड्याहून त्यांच्या चुलत्यांचे फोन मला यायला लागले. दहावं तोंडावर आलं, फ्लेक्स कुठंय? शेवटी अकराव्या दिवशी मी उठून त्यांच्या खोलीवर गेलो. जरा रागातच गेलो.

चिपची पुडी टेबलावर होती. वरची धूळ सांगत होती की येऊन आठवडा झाला असेल. फोडलेली नव्हती.

मी पुडीवर बोट फिरवलं. त्याच बोलल्या. "ती बसवली की त्यो मेला, दादा."

"ताई..."

"आठ वर्सं मी म्हनले, येईल. मायला म्हनले, पोलिसाला म्हनले. आन आता माझ्याच हातानं? कार्ड बिघडल्यालं हाय तवर फ्लेक्स न्हाई. फ्लेक्स न्हाई तवर त्यो कुठंतरी हाय." मग हसल्या, कडू. "बघा की. लोकास्नी श्यानपना शिकिवते."

मी म्हटलं, दुसऱ्या दुकानातून छापून घेतो, तुम्हाला नको हा ताप. त्यावर त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर त्याला मारायला त्या तयार नव्हत्या. पुडी फोडली, डोक्याचं फडकं आवळलं आणि गरम हवा चालू केली.

मी भिंतीला टेकून उभा होतो. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. सोल्डर पातळ झालं, चिमट्यानं जुनी चिप उचलली, नवी टेकवली. आणि नेमकं त्याच वेळी मंदाताई बारीक आवाजात म्हणाल्या, "दारात कोन हाय?"

मी बघितलं. "कोणी नाही."

"चप्पल वाजली."

"नाही हो ताई."

त्यांची नजर मायक्रोस्कोपमधून आरशाकडे गेली. क्षणभरच. हात मात्र दगडासारखा स्थिर होता. आरशात नुसतं मोकळं दार आणि बाहेरचं ऊन. परत नजर खाली. चिप बसली. त्यांनी हवा बंद केली आणि मग वळून, पूर्ण वळून, दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी देवधर्मवाला माणूस नाही, पण त्या दिवशी त्या दारातून मी अंग चोरून बाहेर पडलो.

संध्याकाळच्या आत माझ्या दुकानात कार्ड बसवलं. फोटो टाकला. पाच-सात मिनिटांनी दत्तू समोर आला. एक चौकोन नाही, एक रेघ नाही. पापण्यांचे केससुद्धा मोजता यावेत. मी खूश होऊन मंदाताईंकडे बघितलं.

त्या स्क्रीनजवळ वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यो कोन?"

"अहो, दत्तू."

"न्हाई." आवाजात रडू नव्हतं, संताप होता. "ह्याला एवढं डोळं कुठनं आलं? फोटूत तर सावली हुती."

मी समजावून सांगितलं. सॉफ्टवेअरनं लाखो चेहरे बघितलेत, जे दिसत नाही ते ते अंदाजानं भरतं.

"म्हंजी लोकांचं डोळं लावलं." त्या सरळ झाल्या. "चौकोन आलं तर कळतं तरी की कार्ड बिघडलंय. ह्यात काय कळतंय? दत्तूच्या भिवईवर वण हुता. कोयत्याचा."

"काढून देतो ना. कुठल्या भिवईवर?"

"डाव्या." लगेच बोट हवेत थांबलं. "न्हाई. उजव्या... थांबा." त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात नेला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मी माउस धरून बसून राहिलो. असा चेहरा मी मंदाताईंचा आधी कधी बघितला नव्हता. कुठलं कार्ड हातात आलं आणि दुखणं सापडलं नाही, असं त्यांना व्हायचंच नाही. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, मूळचा धुरकट फोटोच छापू. तोवर चुलत्यांना मी चेहरा पाठवून बसलो होतो, हा माझा उतावळेपणा. फोन आला. अख्ख्या भावकीनं बघितला म्हणे. अगदी दत्तूच, बोलतोय का काय असा. म्हातारीला सांगितलं, ती रडली, म्हणाली हाच लावा. मंदाताईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "मायचं मन हाय तर छापा." मी छापला. आयुष्यात इतका सुरेख फ्लेक्स माझ्या मशीनवर निघाला नव्हता आणि त्याची इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

दहाव्याला मी स्वतः टेम्पोतून फ्लेक्स घेऊन खर्ड्याला गेलो. ओढ्याकाठी, किल्ल्याच्या बुरुजाकडे तोंड करून दोन बांबूंना तो बांधला. माणसं येत होती, हात जोडत होती. दत्तूबरोबर उसात वाढलेले लोकही म्हणत होते, काय हुबेहूब आलाय! एकालाही काही खटकलं नाही. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणावं, अरे हा कोण? कुणी म्हणालं नाही.

मग म्हातारीला धरून आणलं. तिनं फ्लेक्सवर दोन्ही हात ठेवले, चाचपत गालापर्यंत नेले, अगदी नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन बघितलं. आणि मागे वळून विचारलं, "मंदे, दत्तूच हाय ना गं?"

मंदाताई आईच्या मागेच उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"व्हय माय," त्या म्हणाल्या. "दत्तूच हाय. लई नीट आलाय."

म्हातारीनं कपाळ त्या कपाळाला टेकवलं आणि मोकळं रडली. आठ वर्षांचं रडली. बायकांनी तिला बाजूला नेलं.

मी निघालो तेव्हा मंदाताई टेम्पोपर्यंत आल्या. नागापूरची खोली सोडणार होत्या, आता मायजवळच राहायचं म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तो मुकादमाचा पहिला फोटो आहे माझ्याकडे. मोबाईलवर पाठवू का?"

"धाडा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "न्हाई, नगा धाडू." पदरानं तोंड पुसलं. "काय करू बघून? दादा, चार दिस झाले, डोळं मिटलं की दत्तू येतो, दारात हुबा ऱ्हातो, अक्का म्हनतो. आवाज त्योच हाय. पन त्वांड ह्या फ्लेक्सवाल्याचं हाय. माझा कुठं गेला, मलाच घावंना."

मी टेम्पोचं दार धरून तसाच उभा राहिलो. त्या वळून ओढ्याकडे गेल्या. वारा सुटला होता, फ्लेक्सचं खालचं टोक सुटून फडफडत होतं. ते हातात धरून मंदाताई खाली मातीत बसल्या, आणि पंगती उठून माणसं पांगायला लागली तरी बसूनच होत्या.